‘सेटलमेंट’ : एका इंग्रजी शब्दाचा सोलापुरातील इतिहास

१

सोलापूर शहरातील पत्त्यांमध्ये ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ असे एक नाव आढळते. नावापुढे बहुधा एक क्रमांक असतो. शहरात कोणालाही नुसते ‘सेटलमेंट’ एवढे सांगितले तरी पुरते. मग त्याची घरची भाषा मराठी असो, कानडी असो, तेलुगू असो वा उर्दू असो. या नावातील तिन्ही शब्द इंग्रजी आहेत. परंतु ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे अशा मनुष्यास त्यांचा एकत्रित अर्थ लागणे कठीण आहे. ‘सेटलमेंट’ म्हणजे वसाहत आणि ‘कॉलनी’ म्हणजेही वसाहत. तेव्हा ही ‘मुक्त वसाहत’ कोणत्या वसाहतीतून निघाली आणि मुक्त झाली ती कशापासून, असा प्रश्न त्याला पडेल. सोलापूरकराला तो पडत नाही. ‘सेटलमेंट’ या शब्दाचा जो अर्थ इंग्रजी कोशांत सहसा सापडत नाही तोच सोलापुरात पहिला अर्थ आहे.

परकी शब्द मराठीत आला की तो का आला याचे एक ठराविक उत्तर दिले जाते : आपल्याकडे ती वस्तू नव्हती म्हणून शब्दही नव्हता. स्टेशन, तिकीट, बटण या शब्दांविषयी हे उत्तर पुरेसे आहे. परंतु ‘सेटलमेंट’ची गोष्ट निराळी आहे. हा शब्द गेल्या दोनशे वर्षांत महाराष्ट्रात एकदा नव्हे, तर निदान चार वेळा, चार निरनिराळ्या अर्थांनी आला. पैकी तीन वेळा मराठीने त्याचे भाषांतर केले, आणि तेही सहजपणे केले. चौथ्या वेळी मात्र तिने भाषांतर केले नाही. शब्द आहे तसा ठेवला. असे का घडले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. माझ्या मते येथे मराठीची शब्दसंपत्ती तोकडी पडली असे म्हणणे चुकीचे आहे. जे भाषांतर हाताशी तयार होते ते खोटे ठरले असते, म्हणून ते रूढ झाले नाही.

२

प्रथम मूळ शब्दाकडे पाहू. इंग्रजीतील ‘सेटल’ हे क्रियापद ‘आसन’ या अर्थाच्या एका जुन्या जर्मानिक नामापासून आले आहे. उंच पाठीच्या लाकडी बाकाला इंग्रजीत अद्याप ‘सेटल’ म्हणतात. मूळ अर्थ ‘बसवणे’, ‘स्थिर करणे’ एवढाच. या शब्दाचा इंडो-युरोपीय धातू आणि संस्कृतातील ‘सद्’ हा धातू एकच होय. सदन, सभासद, उपनिषद् हे आपले शब्द त्याच कुळातले आहेत. ‘मेंट’ हा प्रत्यय मात्र फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आलेला. तेव्हा ‘सेटलमेंट’ हा शब्द घडणीनेच मिश्र आहे.

‘तंटा मिटवणे’ हा ‘सेटल’चा दुसरा प्रमुख अर्थ याच मुळातून सरळ निघाला असे दिसत नाही. जुन्या इंग्रजीत ‘समेट घडवणे’ या अर्थाचे, उच्चाराने जवळचे असे एक वेगळे क्रियापद होते. कालांतराने ते या क्रियापदात मिसळले, असा व्युत्पत्तिकारांचा कयास आहे. म्हणजे ‘मनुष्यास एका जागी बसवणे’ आणि ‘दोन पक्षांत समेट करणे’ हे दोन स्वतंत्र अर्थ एका शब्दाच्या छपराखाली राहू लागले. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

इंग्लंडच्या इतिहासात या शब्दाला आणखी एक छटा चिकटली. सन १६६२ च्या कायद्याने प्रत्येक गरीब मनुष्याचे ‘सेटलमेंट’ कोणत्या पॅरिशमध्ये आहे, म्हणजे त्याच्या पोटापाण्याची जबाबदारी कोणत्या पॅरिशने घ्यावयाची, हे ठरू लागले. दुसऱ्या पॅरिशमध्ये जाऊन राहिलेला गरीब पुढे आपल्या खर्चावर पडेल अशी भीती वाटली, तर चाळीस दिवसांच्या आत तक्रार करून त्याला मूळ जागी परत धाडता येत असे. स्थिर राहणे हा येथे केवळ राहणीचा प्रकार उरला नाही. ती कायद्याची अपेक्षा झाली, आणि जो फिरतो तो संशयित ठरला. इंग्रज अधिकारी हिंदुस्थानात आले तेव्हा ‘सेटलमेंट’ या शब्दाबरोबर ही जुनी समजूतही त्यांच्या सामानात होती.

३

महाराष्ट्रात हा शब्द प्रथम जमिनीच्या वाटेने आला. पेशवाईच्या अखेरीनंतर कंपनी सरकारने दख्खनच्या शेतसाऱ्याची नवी व्यवस्था लावण्यास सुरुवात केली. प्रिंगल याच्या मोजणीचा प्रयोग फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात नव्याने पाहणी केली. इंदापूर पुणे जिल्ह्यात असले तरी सोलापूर जिल्ह्याच्या सरहद्दीला लागून आहे, आणि तेथे बसलेली पद्धत लवकरच भीमेच्या अलीकडेही आली. शेताची मोजणी, जमिनीची प्रतवारी आणि तीस वर्षांसाठी ठरवून दिलेला आकार, ही तिची तीन अंगे. १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिला शास्त्राचे रूप दिले. इंग्रजीत या सर्व व्यवहाराचे नाव ‘सर्व्हे सेटलमेंट’.

मराठीने यातील पहिला शब्द ठेवला, दुसरा ठेवला नाही. ‘सर्व्हे नंबर’ अद्याप प्रत्येक सातबाराच्या संदर्भात बोलला जातो. ‘सेटलमेंट’च्या जागी मात्र ‘जमाबंदी’ हा शब्द बसला. तो नवा घडवावा लागला नाही. अरबी ‘जमा’ आणि फारसी ‘बंदी’ यांचा हा जोडशब्द पेशव्यांच्या दप्तरात रूढ होता. वस्तुतः दोहोंत फरक आहे. जुनी जमाबंदी बहुधा वर्षाच्या हिशेबाची. इंग्रजी सेटलमेंट तीस वर्षांची. जुनी गावाशी बोलणारी. नवी एकेका शेताशी आणि त्याच्या खातेदाराशी. तरीही कुळकर्ण्याला आणि रयतेला नव्या वस्तूत जुन्या वस्तूची ओळख पटली : सरकार आपल्याकडून किती घेणार ते ठरणे. ओळख पटली म्हणून जुने नाव नव्या वस्तूला देता आले. आजही पुण्यातील वरिष्ठ अधिकाऱ्याचे इंग्रजी पदनाम ‘सेटलमेंट कमिशनर’ आणि मराठी पदनाम ‘जमाबंदी आयुक्त’ असे आहे. आणि मराठी नाव भाषांतरासारखे वाटतही नाही.

४

दुसऱ्यांदा हा शब्द कोर्टाच्या आणि गिरणीच्या वाटेने आला. दिवाणी दाव्यात पक्षकारांनी आपसांत मिटवणे, गिरणीमालक आणि कामगार यांच्यात बोलणी होऊन संप मागे घेतला जाणे, यांस इंग्रजीत ‘सेटलमेंट’ म्हणतात. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात तर या शब्दाची व्याख्याच दिली आहे. सोलापूर हे गिरण्यांचे गाव. १८७० च्या दशकात उभी राहिलेली, पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली गेलेली कापड गिरणी आणि नंतरच्या नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या यांच्या आवारात संप आणि तडजोडी हा नित्याचा अनुभव होता. त्यासाठी तडजोड, समेट, करार, समझोता असे शब्द कामगारांच्या तोंडी होतेच. मराठी गावगाड्यातही तंटे होते आणि ते मिटवणारे पंचही होते. त्यामुळे येथेही भाषांतराला अडचण पडली नाही. अलीकडे मात्र ‘त्यांची सेटलमेंट झाली’ असे वाक्य मराठीत ऐकू येते, आणि त्यात बहुधा ‘मांडवली’ची, म्हणजे आडपडद्याने केलेल्या देवघेवीची छटा असते. उघड व्यवहाराला तडजोड आणि झाकलेल्या व्यवहाराला सेटलमेंट, अशी ही वाटणी बोलणाऱ्यांनी आपण होऊन केलेली आहे. येथे शब्दाचे लिंग स्त्रीलिंगी का, याचे उत्तरही ‘तडजोड’ या शब्दाच्या सहवासात सापडण्यासारखे आहे.

तिसरा अर्थ वस्तीचा. दूर देशी जाऊन लोकांनी केलेली वस्ती, आणि पुढे साम्राज्याचा एक तुकडा, या अर्थी इंग्रजीत ‘सेटलमेंट’ येतो. सिंगापूर, पेनांग आणि मलाक्का मिळून १८२६ मध्ये केलेल्या ‘स्ट्रेट्स सेटलमेंट्स’ या राजकीय विभागाच्या नावात तो आहे. मराठीने यासाठी ‘वसाहत’ हा शब्द स्वीकारला. ‘वस्’ या धातूच्या कुळातील वास, वसति, वस्ती हे शब्द भाषेत पूर्वीपासून होते. तेव्हा ‘वसाहत’ कानाला परका वाटला नाही. मात्र त्याने इंग्रजीतील ‘सेटलमेंट’ आणि ‘कॉलनी’ हे दोन्ही शब्द एकट्याने पेलले, आणि ‘वसाहतवाद’ या शब्दाचा पायाही तोच झाला.

येथवर हिशेब असा : जमीन आली तेव्हा जमाबंदी, भांडण आले तेव्हा तडजोड, वस्ती आली तेव्हा वसाहत. शब्द इंग्रजांचा; परंतु प्रत्येक वेळी त्याच्या अर्थाची वस्तू आपल्या ओळखीची होती.

५

चौथ्यांदा तो आला तो पोलिसांच्या वाटेने.

सन १८७१ मध्ये ‘क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट’ म्हणजे गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. प्रथम तो उत्तर हिंदुस्थानात लागू होता, १८७६ मध्ये बंगालकडे गेला; १९११ च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासह सर्व ब्रिटिश हिंदुस्थानात लावण्याची सोय झाली आणि १९२४ मध्ये त्याचे एकत्रीकरण झाले. या कायद्याचे तत्त्व असे की, एखादी संपूर्ण जमात गुन्हेगार म्हणून सरकारी राजपत्रात जाहीर करता येते. जाहीर झाल्यावर तिच्यातील माणसांची नोंद व्हावी, त्यांनी ठराविक वेळी हजेरी द्यावी, राहण्याची जागा बदलताना कळवावे. एखाद्याने गुन्हा केला आहे की नाही हा प्रश्न येथे मागे पडतो. तो कोणाच्या पोटी जन्मला एवढेच पाहिले जाते. १८७१ च्या कायद्यात अशा जमातींना ठेवण्यासाठी ‘सुधारणा करणाऱ्या’ सेटलमेंटची तरतूद होती. १९११ मध्ये तिचा विस्तार होऊन औद्योगिक, शेतकी आणि सुधारणेची अशा तीन प्रकारची सेटलमेंटे सरकारला स्थापता येऊ लागली, व मुलांसाठी वेगळ्या शाळाही काढता येऊ लागल्या.

मुंबई इलाख्यात या कामाला स्टार्ट नावाच्या सनदी अधिकाऱ्याने विजापूर येथे प्रारंभ केला. पुढे हुबळी, गदग, बारामती, मुंढवा अशा ठिकाणी सेटलमेंटे निघाली. सोलापूरचे सेटलमेंट विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले, आणि इलाख्यातील मोठ्यांपैकी एक. त्याची व्यवस्था अमेरिकन मराठी मिशनकडे होती आणि त्याला ‘उमेदपूर’ असे नाव दिले गेले. जागेची निवड सहेतुक होती. गिरण्यांना मजूर हवे होते. सरकारला या लोकांना कामावर आणि नजरेखाली ठेवावयाचे होते. कैकाडी, मांग-गारुडी, पारधी, भामटा, कंजारभाट इत्यादी जमातींची कुटुंबे येथे आणली गेली. वस्तीभोवती तारेचे कुंपण, दिवसाची हजेरी, बाहेर जाण्यास परवानगीचा पास, मोठ्यांना गिरणीचे काम आणि मुलांना शाळा, अशी तेथील दिनचर्या होती.

या व्यवस्थेचे मूल्यमापन करताना एकच बाजू पाहणे योग्य होणार नाही. शाळेमुळे काही मुलांना अक्षरओळख झाली, गिरणीमुळे काही घरांत दरमहा रोख पैसा आला, हे खरे आहे. स्टार्ट हाच पुढे दलितवर्ग आणि आदिवासी यांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या समितीचा अध्यक्ष झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि ठक्कर बाप्पा हे त्या समितीचे सभासद होते, आणि तिचा १९३० चा अहवाल मागासवर्गांविषयीच्या शासकीय धोरणातील एक महत्त्वाचा टप्पा मानला जातो. परंतु सुधारणा झाली म्हणून कुंपण नाहीसे होत नाही. शिकलेला मुलगाही हजेरीच्या यादीतल्याच घरचा राहिला.

आणखी एक योगायोग अभ्यासकाने पाहण्यासारखा आहे. लंडनमध्ये १८८४ साली टॉइन्बी हॉल स्थापन झाला तेव्हापासून शिकलेल्या तरुणांनी गरिबांच्या वस्तीत स्वखुशीने जाऊन राहावे, अशा संस्थेलाही इंग्रजीत ‘सेटलमेंट’ म्हणू लागले. मुंबईतील नागपाडा नेबरहूड हाऊस ही त्याच परंपरेतली संस्था. तिच्या अनुभवातून १९३६ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी टाटांची संस्था उदयास आली. नागपाड्याची संस्थाही अमेरिकन मराठी मिशनचीच. एकाच मिशनच्या कारभारात एका अर्थाच्या सेटलमेंटमध्ये सुशिक्षित माणूस आपण होऊन राहावयास येत होता आणि दुसऱ्या अर्थाच्या सेटलमेंटमधून गरीब माणसाला परवानगीवाचून बाहेर पडता येत नव्हते. इंग्रजी शब्द दोहोंना एकच होता.

६

या चौथ्या अर्थासाठी मराठीत शब्द नव्हता काय? ‘वसाहत’ होता आणि तो तयार होता. ‘गुन्हेगार जमातींची वसाहत’ असे कागदोपत्री म्हणणे सहज शक्य होते. पुढील काळातील मराठी लिखाणात तसे म्हटलेलेही आढळते. परंतु लोकांच्या तोंडी ते बसले नाही. माझ्या मते याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण भाषिक वस्तुस्थितीचे. कुंपणाच्या आत आणलेल्या लोकांची बोली एक नव्हती. कैकाडी बोली द्राविडी कुळातली. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात तिचा समावेश १९०६ च्या चौथ्या खंडात, द्राविडी भाषांत केलेला आहे. पारध्यांची बोली गुजराती-भिली वळणाची. भामटी, कंजारी इत्यादी बोली ग्रिअर्सनने १९२२ च्या अकराव्या खंडात ‘जिप्सी भाषा’ या शीर्षकाखाली घातल्या. भोवतीचे शहर मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू बोलणारे. अशा वेळी आतल्या सर्वांचा आणि बाहेरच्या सर्वांचा समान असा एकच शब्द उरला, तो म्हणजे कुंपण घालणाऱ्याचा शब्द. एरवी ज्यांचा परस्परांशी संबंध नव्हता अशा जमातींना कायद्याने एकत्र केले, आणि त्यांच्या समान अनुभवाला नावही कायद्यानेच पुरवले.

दुसरे कारण अर्थाचे. ‘वसाहत’ आणि ‘वस्ती’ या शब्दांत राहणाऱ्याचे कर्तृत्व गृहीत आहे. लोक वसतात म्हणून वस्ती होते. वसाहत कोणीतरी करतो, आणि जो करतो तोच तिथे राहतो. येथे राहणारे वसलेले नव्हते, बसवलेले होते. इंग्रजी ‘सेटल’ हे क्रियापद सकर्मक आणि अकर्मक दोन्ही असल्यामुळे हा भेद त्यात लपतो : तो स्थिरावला आणि त्याला स्थिर केले, दोहोंना एकच रूप. मराठीत ‘वसणे’ आणि ‘वसवणे’ ही रूपे वेगळी आहेत. म्हणून मराठी भाषांतर करावयाचे तर कर्ता कोण हे सांगावे लागले असते, आणि मूळ शब्दाचे सरकारी दृष्टीने मोल तर तो कर्ता न सांगण्यातच होते. ‘जमाबंदी’तील ‘बंदी’ म्हणजे बांधणी. येथे ‘बंदी’चा दुसरा अर्थ उभा होता, परंतु ‘तुरुंग’ म्हणावे तर आतल्या बहुतेकांवर कोणताही गुन्हा शाबीत झालेला नव्हता. वसाहत म्हणावे तर खोटे आणि तुरुंग म्हणावे तर अपुरे, अशा पेचात भाषेने परका शब्द तसाच ठेवला. हे तिचे दारिद्र्य नव्हे. ही तिची अचूकता होय.

याला सोलापुरातच दुसरा दाखला आहे. मे १९३० मध्ये येथे लष्करी अंमल जारी झाला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यास फाशी देण्यात आले. त्या दिवसांना सोलापूर ‘मार्शल लॉ’ म्हणून ओळखते. ‘लष्करी कायदा’ हा शब्द ग्रंथांत आहे. लोकांच्या आठवणीत ‘मार्शल लॉ’ आहे. ज्या गोष्टीत आपलेपणाचा अंश नव्हता तिला आपले नाव देण्यास शहराने दोन्ही वेळा जणू नकार दिला.

तिसरे कारण आपल्याला कमी सुखावह आहे. कुंपण इंग्रजांनी घातले, परंतु कुंपणाबाहेरच्या मराठी समाजालाही आतल्यांविषयी फारशी आत्मीयता नव्हती. ‘भामटा’ हे जमातीचे नाव आणि ‘भामटा’ म्हणजे लबाड हे सामान्यनाम. ‘उचल्या’ हे जमातीचे नाव आणि उचलेगिरी हे कृत्य. यांत आधी काय आणि नंतर काय हा वाद बाजूला ठेवला तरी, माणसांच्या समूहाला आणि अपराधाला एकच शब्द वापरण्याची सवय आमच्या भाषेला कायद्याने लावलेली नाही. कायद्याने जे राजपत्रात लिहिले त्याचा काही भाग बोलीत अगोदरच लिहिलेला होता. तेव्हा ‘वसाहत’ हा शब्द त्या जागेला न देण्यात ‘ही वस्ती आमच्या गावातली नव्हे’ हा भावही मिसळलेला असणार. परका शब्द जसा खरेपणाने साक्ष देतो तसा तो अंतर राखण्याच्याही उपयोगी पडतो.

७

आता ‘फ्री कॉलनी’ या जोडनावाचा उलगडा होतो. सेटलमेंटच्या कारभारात ज्या कुटुंबांची वर्तणूक समाधानकारक वाटे त्यांना कुंपणाबाहेर, परंतु देखरेखीच्या टप्प्यात, घरे देत. त्या वस्तीला ‘फ्री कॉलनी’ म्हणत. ‘फ्री’ हे विशेषण जेथे लावावे लागते तेथे विशेष्याचा स्वभाव काय, हे सांगण्याची गरज राहत नाही. आज कुंपण नाही, हजेरी नाही. नाव मात्र इतिहासाचे दोन थर एकावर एक ठेवून उभे आहे.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमातींचा कायदा देशभर रद्द झाला. त्यानंतर या समाजांना काय म्हणावयाचे हा प्रश्न आला. इंग्रजीने ‘डीनोटिफाइड’ हा शब्द घेतला; मराठीने ‘विमुक्त’ हा. या दोहोंची तुलना करण्यासारखी आहे. ‘डीनोटिफाइड’ म्हणजे ज्यांची अधिसूचना रद्द झाली ते. हा शब्द कागदाविषयी बोलतो : एक कागद निघाला होता, तो मागे घेतला. ‘विमुक्त’ हा शब्द माणसाविषयी बोलतो : हा बांधलेला होता, तो सुटला. तेव्हा ज्या मराठीने ‘सेटलमेंट’चे भाषांतर केले नाही तिनेच येथे मूळ इंग्रजीपेक्षा अधिक सांगणारा शब्द घडवला. जेथे भाषांतराने सत्य झाकले असते तेथे ते रूढ झाले नाही; जेथे ते उघड होणार होते तेथे झाले.

अर्थात शब्द सुटला म्हणजे माणूस सुटलाच असे नाही. कायदा जाऊन ‘सराईत गुन्हेगार’ ही कल्पना मागे राहिली. मुंबई राज्याचा १९५९ चा त्या विषयाचा कायदा प्रसिद्ध आहे. तुरुंगांच्या नियमपुस्तिकांत जातीवरून भेद करणाऱ्या आणि विमुक्त समाजांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारणाऱ्या तरतुदी होत्या, त्या सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालाने अवैध ठरवल्या. म्हणजे १९५२ मध्ये रद्द झालेल्या विचाराशी बहात्तर वर्षांनंतरही न्यायालयाला झगडावे लागले.

८

या सर्व इतिहासावर आजच्या मराठीने एक नवा थर चढवला आहे. ‘मुलगा सेटल झाला’ हे वाक्य मध्यमवर्गीय घरांत रोज ऐकू येते. नोकरी, घर आणि लग्न या तिन्ही गोष्टी जमल्या म्हणजे मनुष्य ‘सेटल’ होतो. पुण्यास, बंगळूरास किंवा परदेशी. येथे क्रियापद ‘होणे’ आहे, ‘करणे’ नाही. स्थिरता ही मिळवण्याची गोष्ट आहे, लादण्याची नाही. एकाच शहरात एक कुटुंब ‘आमचा मुलगा सेटल झाला’ असे अभिमानाने सांगते, आणि त्याच शहरातील एखादा विद्यार्थी आपला पत्ता लिहिताना ‘सेटलमेंट’ हा शब्द गाळून केवळ चौकाचे नाव लिहितो. भाषाविज्ञानाच्या वर्गात हजेरीपट समोर ठेवून ही गोष्ट पाहिली की शब्दार्थाचा इतिहास हा केवळ कोशाचा विषय राहत नाही. हजेरी हा शब्दही त्या क्षणी पूर्वीसारखा साधा वाटत नाही.

महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. ‘सेटलमेंट’ हे नाव शब्दशः जातिवाचक नाही; परंतु त्याचा अर्थ शहराला ठाऊक आहे. ते फलकावरून काढावे की ठेवावे, हा निर्णय तेथे राहणाऱ्यांचा आहे; त्यात भाषाशास्त्रज्ञाला मत नाही, आणि असू नये. कोशाची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि ती आमच्या अखत्यारीतली आहे. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची. कँडीचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा, त्याची दुसरी आवृत्ती १८७३ ची. हे सर्व हा अर्थ महाराष्ट्रात येण्यापूर्वीचे, म्हणून त्यांच्याकडून अपेक्षा करणे व्यर्थ होय. परंतु आज जो मराठी कोश ‘सेटलमेंट’ या नोंदीखाली केवळ तडजोड, जमाबंदी आणि वसाहत असे तीन अर्थ देऊन थांबेल तो सोलापूरच्या, बारामतीच्या आणि हुबळीच्या दृष्टीने अपुरा राहील. चौथा अर्थ त्यात हवा, आणि तो वर्षांसह हवा : १८७१, १९११, १९२४, १९५२.

शेवटी एका जुन्या कथेची आठवण करून देणे अस्थानी होणार नाही. वेन राजाच्या मांडीतून एक कृष्णवर्ण, ठेंगणा पुरुष उत्पन्न झाला, ऋषींनी त्याला ‘निषीद’ म्हणजे ‘खाली बैस’ अशी आज्ञा केली आणि त्यावरून त्याच्या वनवासी वंशाला निषाद हे नाव पडले, असे महाभारतात आणि पुराणांत सांगितले आहे. ही लोकव्युत्पत्ती असेल. शास्त्राने ती मान्य करण्याचे कारण नाही. परंतु ‘निषीद’ या आज्ञेतील धातू तोच ‘सद्’ आहे, ज्याच्या कुळात इंग्रजी ‘सेटल’ जन्मला. फिरणाऱ्या माणसाला बस म्हणावे आणि त्या आज्ञेलाच त्याचे नाव करावे, ही रीत इंग्रजांनी शोधून काढलेली नव्हती. त्यांनी तिला कलमे आणि कुंपण दिले. आज्ञा करणारे गेले, कुंपण गेले. शब्द सोलापुरात राहिला आहे. तो गाळण्यापूर्वी निदान एकदा नीट वाचला पाहिजे.